लोपन: चालणं की धावणं, आणि ‘हेब’ की ‘बेन’?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहायला येऊन आठ महिने झाले, डचची ए२ (प्राथमिक) पातळी चालू आहे. पुस्तकात ‘लोपन’ म्हणजे चालणे असं दिलंय, पण बेल्जियममधल्या अँटवर्पच्या सहकाऱ्याने रविवारी ‘लोपन’साठी बोलावलं आणि तो धावायचे बूट घालून हजर झाला. ‘इक हेब ट्वे यूर खलोपन’ (मी दोन तास चाललो) हे वर्गात बरोबर ठरलं, ‘इक हेब नार हेट स्टाशॉन खलोपन’ (मी स्टेशनपर्यंत चालत गेलो) ह्यावर मात्र लाल रेघ आली. वर नगरपालिकेच्या पत्रात पासपोर्टाच्या संदर्भात ‘व्हरलोपन’ असा शब्द, तिथे तर पायांचा काही संबंधच दिसत नाही. तर ह्या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते आलं कुठून आणि ते चालवायचं कसं?

‘चालवायचं’ हा शब्द प्रश्नात सहज आलाय, पण तोच कळीचा आहे. आपण शाळेत धातू ‘चालवतो’. पायांनी करायच्या क्रियेचा शब्द आपण व्याकरणाला, घड्याळाला, दुकानाला, खटल्याला लावतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. डच माणूस ‘लोपन’चं नेमकं हेच करतो. अडचण शब्दाची नाही, पुस्तकातल्या एकास एक अर्थाची आहे.

आधी लेखनाबद्दल दोन शब्द. डच शब्द इथे त्यांच्या लेखनाच्या जवळ राहून देवनागरीत लिहिले आहेत. ‘ख’ दिसेल तिथे घशातून घासून येणारा, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा आवाज समजा. शब्दाच्या शेवटी असलेले ब आणि ड बोलताना प आणि ट होतात. म्हणून ‘हेब’ कानाला ‘हेप’ लागतं. ‘लोपन’मधला शेवटचा न तर पश्चिम नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक उच्चारतच नाहीत. उरतं ते ‘लोप’ आणि त्यामागे एक पुसट अ. ‘इक लोप’मधल्या लोपला तो पुसट अ नसतो, फरक एवढाच. (पाणिनीच्या ‘अदर्शनं लोपः’चं, म्हणजे ‘न दिसणं हाच लोप’ ह्या सूत्राचं, इतकं चपखल उदाहरण शोधून सापडायचं नाही.) ख्रोनिंगनकडे उलट न शिल्लक राहतो आणि आधीचा स्वर गिळला जातो, ते ऐकून गोंधळू नका.

आता अर्थ. ‘लोपन’चा गाभा पायात नाही. एखादी गोष्ट आपल्या मार्गाने न थांबता पुढे सरकत राहणे, हा त्याचा गाभा आहे. ती गोष्ट माणूस असली तर तो चालतो. घड्याळ असलं तर डे क्लॉक लोप्ट, घड्याळ चालतं. इंजिन सुरू असलं तर डे मोटोर लोप्ट. दुकान चांगलं चालतं म्हणजे डे विंकल लोप्ट खूड. हेट लोपन्डे यार म्हणजे चालू वर्ष, लोपन्डे झाकन म्हणजे चालू कामं, आणि लोपन्डे रेकनिंग म्हणजे शब्दशः चालू खातं. (बँकेच्या संकेतस्थळावर रोजच्या वापराच्या खात्याला बहुधा ‘बेटालरेकनिंग’ लिहिलेलं दिसेल, अर्ज भरताना तोच शब्द शोधा.) ‘चालत’ ह्या आपल्या रूपाला तर हुबेहूब जोडीदार आहे: बेन ये लोपन्ड? म्हणजे चालत आलास का? आणि ‘इथून दहा मिनिटं चालत’ हे हेट इस टीन मिन्यूटन लोपन असं होतं.

मराठी जिथे ‘वाहणे’ किंवा ‘जाणे’कडे वळते तिथेही डच लोपनवरच राहते. मेइन न्योस लोप्ट, नाक वाहतंय. डे वेख लोप्ट लांग्स हेट कानाल, रस्ता कालव्याच्या कडेने जातो. ‘डोडलोपन्डे वेख’ अशी पाटी दिसली तर तो रस्ता पुढे बंद आहे. शब्दशः ‘मरत चाललेला रस्ता’.

मराठी बोलणाऱ्याला मी म्हणून आधी ‘चालणे’च धरायला सांगतो, इंग्रजी शब्द नाही. इंग्रजीतून गेलात तर माणसाला एक क्रियापद, यंत्राला दुसरं, नाकाला तिसरं अशी वाटणी करावी लागते. मराठीतून गेलात तर अर्धी वाट तयार असते. मात्र चार-पाच ठिकाणी हीच वाट खड्ड्यात नेते, आणि मराठी विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका तिथल्याच असतात.

पहिला खड्डा ‘चालेल’चा. ‘सहा वाजता भेटलं तर चालेल का?’ ह्याचं भाषांतर लोपन घालून कधीच होत नाही. तिथे डाट इस खूड किंवा डाट कान. दुसरा खड्डा उपकरणांचा. टीव्ही चालत नाही, फोन चालत नाही, लिफ्ट चालत नाही, ह्या सगळ्यांना डूट हेट नीट: डे टेव्हे डूट हेट नीट. लोपन घड्याळाला आणि इंजिनाला शोभतं, संगणकाच्या प्रोग्रॅमला ‘ड्राइट’ म्हणजे ‘फिरतो’ म्हणतात, आणि बिघडलेल्या वस्तूबद्दल ‘डूट हेट नीट’ हे सगळ्यात निर्धोक. तिसरा खड्डा ‘मी बाजारात चाललोय’ हा. मराठीत चाललोय म्हणजे निघालोय. रिक्षाने असो की रेल्वेने. डचमध्ये इक लोप नार डे मार्क्ट म्हटलं की तुम्ही पायीच निघाला आहात. वाहन ठरलेलं नसेल तर इक खा. सायकल असेल तर इक फीट्स, आणि ती सायकल असण्याचीच शक्यता जास्त.

चौथा, ‘चालवणे’. लोपनचं असं प्रयोजक रूप नाही. मोटार चालवण्याला रेइडन किंवा आउटोरेइडन, सायकल चालवण्याला फीट्सन, कुत्र्याला फिरवून आणण्याला डे होंड आउटलाटन. आणि पाचवा, ‘फिरायला जाणे’. हौसेनं, हवा खात चालण्याला वान्डलन हे वेगळं क्रियापद आहे. जेवणानंतरच्या शतपावलीला अन ऑमट्ये म्हणतात. घराभोवती एक छोटा वळसा.

आता अँटवर्पच्या सहकाऱ्याकडे. तो चुकला नाही, तुमचं पुस्तकही चुकलेलं नाही. कारण शब्दाच्या इतिहासात आहे.

मध्ययुगीन डचमध्ये लोपनचा मुख्य अर्थ धावणे हाच होता. चालण्याला ‘खान’ म्हणजे आजचं ‘जाणे’ वापरत. पुढच्या शतकांत उत्तरेकडे, म्हणजे आजच्या नेदरलँड्समध्ये, लोपनचा वेग हळूहळू उतरला आणि तो चालण्यावर आला. धावण्यासाठी मग रेनन उरलं, आणि व्यायाम म्हणून धावण्याला लोपनच्याच आधी ‘हार्ड’ म्हणजे ‘जोरात’ जोडून हार्डलोपन तयार झालं. बेल्जियमच्या डचभाषक भागात, फ्लँडर्समध्ये, जुना अर्थ टिकला. तिथे लोपन म्हणजे अजूनही धावणं, आणि चालण्याला स्टापन, वान्डलन किंवा टे व्हूट खान म्हणजे पायी जाणं. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्सने मात्र नेदरलँड्सचीच वाट धरली: ‘लोप’ म्हणजे चालणं, ‘हार्डलोप’ म्हणजे धावणं.

नेदरलँड्समध्येही जुना वेग पूर्ण मेलेला नाही. वेडलोप म्हणजे धावण्याची शर्यत, आणि त्यावरून वापनवेडलोप म्हणजे शस्त्रास्त्रस्पर्धा. हेट ऑप अन लोपन झेटन म्हणजे पायाला पाय लावून पळ काढणं. इथे कुणी शांतपणे चालत नाही. स्पर्धांच्या बाबतीत तर संदर्भावरच ठरतं. रॉटरडॅमची मॅरेथॉन ‘लोपन’ करणारा धावत असतो. नेइमेखनला जुलैमध्ये होणारी ‘व्हीरडाख्से’, म्हणजे चार दिवस रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटरची पदयात्रा (१९०९ पासूनची परंपरा), ‘लोपन’ करणारा चालत असतो. क्रियापद एकच, शर्यतीचं नाव कळलं की अर्थ कळतो. एक म्हणही आहे: हार्डलोपर्स झेइन डोडलोपर्स, सुरुवातीलाच जोरात धावणारा पुढे कोसळतो.

तेव्हा बेल्जियन माणसाने बोलावलं तर बूट धावायचे न्या, किंवा सरळ विचारा: वान्डलन की जॉगन? पण त्याच्याकडून ‘स्टापन’ उचलून आइंडहोवनमध्ये वापरताना जपा. नेदरलँड्समध्ये शनिवारी रात्री स्टापन म्हणजे पबमध्ये, नाचायला, मजा करायला बाहेर पडणं. आईवडील भारतातून आलेले असताना त्यांना ‘स्टापन’ला नेतो म्हणालात तर ऑफिसात भुवया उंचावतील.

मूळ आणखी मागे नेलं तर शब्द आद्य जर्मॅनिकपर्यंत, म्हणजे डच, जर्मन आणि इंग्रजीच्या समान पूर्वज भाषेपर्यंत, स्पष्ट दिसतो. तिथे त्याचं रूप ‘ह्लाउपन’सारखं होतं. चौथ्या शतकातल्या गॉथिक (ह्याच कुळातली एक लुप्त भाषा) बायबलमध्ये हा धातू ‘ताडकन उडी मारून उठणे’ ह्या अर्थाने सापडतो. सुरुवातीचा ह डचमध्ये गळून पडला. ‘लाखन’ म्हणजे हसणे ह्या शब्दातही तसाच एक ह गळालेला आहे. ‘आउ’चा दीर्घ ओ झाला. जर्मनने ‘आउ’ ठेवला पण प चा फ केला, म्हणून डच लोपन आणि जर्मन लाउफन. ही जोडी लक्षात ठेवली तर इतर जोड्या फुकटात मिळतात: कोपन आणि काउफन (विकत घेणे), स्लापन आणि श्लाफन (झोपणे), हेल्पन आणि हेल्फन (मदत करणे). ऑफिसात जर्मन सहकारी असतील तर हा प-फ चा हिशेब फार कामाला येतो.

इंग्रजीत हाच धातू उडीवर थांबला. आपण मराठीत ज्याला लीप वर्ष म्हणतो त्यातला लीप हा लोपनचा सख्खा भाऊ. डच मात्र त्या वर्षाला स्खरिकलयार म्हणते, दुसऱ्याच धातूवरून. आणि गंमत म्हणजे लोपनचा भूतकाळ नेमका ‘लीप’ असाच ऐकू येतो.

तिथून रूपांकडे येऊ. वर्तमानकाळ सोपा आहे. इक (मी) लोप, येइ (तू) लोप्ट, यू (आदरार्थी तुम्ही) लोप्ट, हेइ (तो) लोप्ट. आणि अनेकवचनी वेइ (आम्ही), युली (तुम्ही सगळे), झेइ (ते) ह्या तिघांनाही लोपन. प्रश्न करताना क्रियापद पुढे आलं की ‘येइ’ किंवा ‘ये’च्या आधीचा ट गळतो: लोप ये? ‘यू’ला तसं होत नाही: लोप्ट यू? ह्यात एक बारीक सापळा आहे. ‘ये’चा अर्थ ‘तुझा’ही होतो. लोप्ट ये व्हाडर? म्हणजे तुझे वडील चालतात का? इथे कर्ता वडील आहेत, म्हणून ट राहतो. ट गाळण्याआधी पुढचं नाम बघायचं. फ्लँडर्समध्ये ‘खेइ लोप्ट’ ऐकू येईल, तो ‘तू’च, त्याच्या प्रश्नार्थी रूपात ट शाबूत राहतो.

लेखनात ओ हे अक्षर कधी एकदा, कधी दोनदा येतं, तिथेही लोक अडखळतात. नियम अक्षर कुठे तुटतं ह्याचा आहे. ‘लो-पन’ असं तुटलं की पहिलं अक्षर स्वरान्त, तिथे एकच ओ पुरतो. ‘लोप’, ‘लोप्ट’ मध्ये अक्षर व्यंजनाने बंद होतं, म्हणून ओ दोनदा. उच्चार दोन्हीकडे दीर्घच. प मात्र कधीही दुप्पट करू नका. केलात की ओ ऱ्हस्व होतो आणि शब्द हातचा जातो.

भूतकाळ: एकवचनी लीप, अनेकवचनी लीपन. भूतकाळवाचक धातुसाधित: खलोपन. इथे ‘लोप्टे’ आणि ‘खलोप्ट’ ही दोन चुकीची रूपं हमखास येतात, आणि त्यामागे तर्क आहे, म्हणूनच ती हट्टी असतात. प ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांना भूतकाळात ‘टे’ लागतो: होपन (आशा करणे), होप्टे, खहोप्ट. स्लोपन (पाडून टाकणे), स्लोप्टे, खस्लोप्ट. डोपन (बाप्तिस्मा देणे) तसंच. पण यमकात बसणाऱ्या ह्याच कुटुंबात लोपन, लीप, खलोपन वेगळा. आणि कोपन, कॉख्ट, खकॉख्ट तिसराच. हे तिघे एका दमात पाठ करा: होपन-होप्टे, लोपन-लीप, कोपन-कॉख्ट. सुटे सुटे पाठ केले तर एक दुसऱ्याला ओढतो.

लोपनसारखा ‘ई’ घेऊन भूतकाळ करणाऱ्यांचा एक गट आहे: स्लापन-स्लीप (झोपणे), लाटन-लीट (सोडणे, करू देणे), रूपन-रीप (हाक मारणे), व्हालन-व्हील (पडणे). ह्या गटाचे पूर्वज भूतकाळात पहिलं अक्षर दुणावत असत. गॉथिकमध्ये ‘हाल्डन’चं ‘हेहाल्ड’ होतं. संस्कृत शिकलेल्याला ही चाल ओळखीची वाटेल: चकार, ददर्श, पपात. डच आणि तिच्या शेजारणींनी ती द्विरुक्ती टाकली आणि तिच्या जागी स्वर बदलण्यावर भागवलं. पाठांतराला हा तपशील लागत नाही, पण ‘लीप’ हा अपवाद म्हणजे कुणाची लहर नव्हे, जुन्या घराण्याची खूण आहे, एवढं कळलं तरी तो डोक्यात टिकतो.

बाकी काळ पटकन. झाल लोपन (चालेन), झाऊ लोपन (चाललो असतो, चालणार होतो), आणि पूर्णभूतात हाड खलोपन किंवा वास खलोपन. ह्या शेवटच्या दोहोंतली निवड म्हणजेच तुमचा मुख्य प्रश्न.

‘हेबन’ (जवळ असणे; हेब, हेफ्ट, हाड ही त्याची रूपं) आणि ‘झेइन’ (असणे; बेन, इस, वास ही त्याची रूपं) ह्यांतलं काय घ्यायचं ह्याला पुस्तकं ‘दिशा असेल तर झेइन’ असं म्हणतात. नियम बरोबर आहे, पण बोलताना दिशा शोधायला वेळ कुणाला? मी मराठी विद्यार्थ्याला दुसरी कसोटी देतो. तेच वाक्य मराठीत मनातल्या मनात म्हणा. मराठी ‘चाललो’ म्हणत असेल तर हेबन. मराठी ‘चालत गेलो’ किंवा ‘चालत आलो’ म्हणत असेल तर झेइन.

दोन तास चाललो: इक हेब ट्वे यूर खलोपन. आज दहा किलोमीटर चाललो: इक हेब व्हान्डाख टीन किलोमेटर खलोपन. स्टेशनपर्यंत चालत गेलो: इक बेन नार हेट स्टाशॉन खलोपन. घरी चालत आलो: इक बेन नार हाउस खलोपन. मराठीला मुक्काम आला की ‘जाणे-येणे’ लागतंच, आणि डचला त्याच जागी झेइन लागतं. दोघींनाही तीच गोष्ट दाखवायची आहे: माणसाची जागा बदलली. बागेचं उदाहरण ह्या कसोटीवर लख्ख दिसतं. बागेत चाललो, म्हणजे तिथल्या तिथे फेऱ्या मारल्या: इक हेब इन हेट पार्क खलोपन. बागेतून चालत गेलो, एका फाटकाने आत आणि दुसऱ्याने बाहेर: इक बेन डोर हेट पार्क खलोपन.

ही कसोटी बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते, सगळ्या वेळा नाही. अंतर आणि दिशा एकाच वाक्यात आल्या की तिढा पडतो. अंतरावर भर असेल, ‘ते सगळं अंतर पायी तोडलं’ असं म्हणायचं असेल, तर हेबन येतं: इक हेब हेट हेले एइंड खलोपन. मुक्कामावर भर असेल तर झेइन. डच माणसंही इथे एकमत नसतात, तेव्हा परीक्षेत असं दुहेरी वाक्य स्वतःहून ओढवून घेऊ नका. दुसरा अपवाद नामासोबतच्या ठरीव प्रयोगांचा: स्टाझे लोपन (इंटर्नशिप करणे), रिसिको लोपन (धोका पत्करणे), खव्हार लोपन (संकटात असणे). इथे कुणी कुठे पोहोचत नाही, म्हणून नेहमी हेबन. इक हेब स्टाझे खलोपन. नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य लागतंच.

साधा भूतकाळ लीप कधी घ्यायचा? बोलताना एखादी घडून गेलेली गोष्ट नुसती सांगायची असेल तर हेब किंवा बेन. पण ‘चालत होतो, तेवढ्यात’ असं पार्श्वचित्र उभं करायचं असेल, किंवा ‘तेव्हा रोज चालत जायचो’ अशी सवय सांगायची असेल, तर लीप. टून इक नार स्खोल लीप, बेखॉन हेट टे रेखनन: शाळेत चालत जात असताना पाऊस सुरू झाला. मराठीतलं ‘होतो’ किंवा ‘-यचो’ दिसलं की लीपचा विचार करा.

म्हणजे आतापर्यंत तीन गोष्टी हाती आल्या: लोपन-लीप-खलोपन हा त्रिकूट पाठ, ‘चाललो’ला हेबन आणि ‘चालत गेलो’ला झेइन, आणि सीमेपलीकडे वेग वाढतो. प्रश्नात नसलेली पण रोज कानावर पडणारी एक रचना ह्याला जोडतो, कारण ती ऐकून लोक हमखास चुकीचा अर्थ लावतात.

हेइ लोप्ट टे झ्योरन. शब्दाला शब्द लावला तर ‘तो कुरकुर करायला चालतो’. खरा अर्थ ‘तो सारखी कुरकुर करत असतो’. आपण ‘रडत बसला’, ‘शोधत फिरलो’ म्हणतो तेव्हा बसण्या-फिरण्यापेक्षा क्रिया लांबल्याचं सांगतो. डचमध्ये झिटन (बसणे), स्टान (उभं राहणे), लिखन (आडवं असणे) आणि लोपन ही चार क्रियापदं तेच काम करतात. झिटन बसून केलेल्या कामाला, लोपन हिंडत-फिरत केलेल्याला. पण लोपनमध्ये बहुधा वैतागाची छटा येते, म्हणून वरिष्ठांबद्दल जपून. पूर्णकाळात ह्या रचनेचा ‘टे’ गळतो आणि खलोपनऐवजी मूळ लोपनच राहतं: इक हेब डे हेले डाख लोपन झूकन, दिवसभर शोधत फिरलो. ‘खलोपन टे झूकन’ असं कुणी म्हणत नाही. आणि इथे सहायक नेहमी हेबन, मग तुम्ही अख्खं शहर पालथं घातलेलं असो.

वाक्प्रचार ढीगभर आहेत, मी दोनच देतो. ईमांड व्होर डे व्हूटन लोपन म्हणजे कामाच्या वेळी कुणाच्या पायात पायात येणं. मराठीशी इतकं जुळतं की विसरायची सोय नाही. नास्ट ये स्खूनन लोपन, शब्दशः ‘स्वतःच्या बुटांच्या बाजूने चालणं’, म्हणजे डोक्यात हवा जाणं.

आता उपसर्ग, आणि त्यातून तुमचं पत्र. लोपनच्या आधी जोडले जाणारे तुकडे दोन जातीचे. सुटे होणारे तुकडे वाक्याच्या शेवटी जातात आणि धातुसाधितात तुकडा आणि क्रियापद ह्यांच्या मध्ये ‘ख’ घुसतो. मेइन बांड लोप्ट लेख: माझ्या चाकातली हवा जातेय. मेइन बांड इस लेखखलोपन: हवा गेली. डे कॉम्प्यूटर इस व्हास्टखलोपन: संगणक अडकून बसला. डे फिल्म इस आफखलोपन: चित्रपट संपला, ह्यावरूनच डे आफखलोपन वेक म्हणजे गेला आठवडा. मीटिंग लांबली तर ती लोप्ट आउट, आणि टोपलीतल्या बटाट्यांना कोंब फुटले तरी ते लोपन आउट. घड्याळ पुढे असलं तर लोप्ट व्होर, मागे पडलं तर लोप्ट आख्टर. ह्यांत अवस्था बदलते तिथे पूर्णकाळात झेइन. ऑपलोपन मात्र दुतोंडी आहे: भाव चढले, डे प्रेइझन झेइन ऑपखलोपन, पण दुखापत ओढवून घेतली, इक हेब अन ब्लेस्यूरे ऑपखलोपन. कर्म आलं की हेबन.

दुसरी जात न सुटणाऱ्यांची. त्यांना ‘ख’ लागत नाही. ‘डोर’ तर दोन्ही जातींत बसतो आणि फरक फक्त आघाताचा. डोर वर जोर दिला तर चालत राहणं, थांबू नये म्हणून गर्दीला सांगतात तसं: डोरलोपन! धातुसाधित डोरखलोपन. जोर लो वर गेला तर एखादा टप्पा पूर्ण पार करणं: हेइ हेफ्ट डे हेले स्खोल डोरलोपन, त्याने शाळा पूर्ण केली. ख नाही, आणि सहायकही झेइनऐवजी हेबन.

‘व्हर’ कधीच सुटत नाही. व्हरलोपन, व्हरलीप, व्हरलोपन. मूळ रूप आणि धातुसाधित दिसायला एकच. अर्थ काळाच्या ओघात जाण्याचा. हू इस हेट खस्प्रेक व्हरलोपन? म्हणजे बोलणं कसं पार पडलं? आणि कागदपत्राच्या बाबतीत मुदत सरणं. म्हणून ते पत्र पुन्हा काढा आणि ह्या शब्दाच्या आजूबाजूचं क्रियापद बघा. पुढे तारीख देऊन ‘व्हरलोप्ट ऑप’ लिहिलं असेल तर पासपोर्टाची मुदत त्या दिवशी संपणार आहे, अजून अवधी आहे. ‘इस व्हरलोपन’ असेल तर ती संपून गेली आहे, आणि नव्या पासपोर्टाचा अर्ज भारतीय दूतावासाकडे आजच करायला हवा. नगरपालिका तो करून देत नाही.